माझ्या नावावर सदानंदची छाती

मला टी.बी. झाला होता. आता बरा आहे. वजन परत भरलंय, आमच्या घराची घाटी एका दमात चढतो, आणि रत्नागिरीच्या डॉक्टरांनी शेवटचा एक्स-रे बघून "आता इकडं तोंड दाखवू नका" असं हसत सांगितलंय. आजाराची मला लाज नाही. आजार काय, कुणालाही होतो.

लाज वाटते ती बहारीनमधल्या चार महिन्यांची. त्या चार महिन्यांत मला काय झालंय ते मला माहीत होतं आणि मी ते लपवलं. माझ्यामुळे बारा वर्षांच्या एका स्वीडिश मुलीला तोच आजार झाला. ती बर्फावर स्केटिंग करायची, आणि त्या वर्षीच्या हिवाळ्यात तिच्या देशात तिची मोठी स्पर्धा होती. खोलीत पाच-पाच, सहा-सहाजण राहणारी आपली माणसं हे वाचतील म्हणून लिहितोय. वाचून मला शिव्या घातल्यात तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाचा.

बर्फवाला

मी वसंत. रत्नागिरीच्या बंदरात बर्फाच्या कारखान्यात फिटर होतो. आमच्याकडं बर्फ म्हणजे बांगडे-सुरमईवर टाकायची वस्तू. लाद्या पाडायच्या, फोडायच्या, ट्रकात भरायच्या. एजंटानं सांगितलं की बहारीनमध्ये बर्फाचं मैदान आहे, त्याचे कॉम्प्रेसर सांभाळायला माणूस हवाय, तेव्हा मला वाटलं हा मला बनवतोय. बेचाळीस डिग्रीत बर्फाचं मैदान कशाला? पण होतं खरंच, त्याला रिंक म्हणतात. बाहेर डांबर वितळायचं आणि आत अरबांची पोरं स्वेटर घालून आपटत असायची.

माझं काम खालचे पाइप गार ठेवायचं, रोज गरम पाण्याचा पातळ हात फिरवून बर्फ गुळगुळीत करायचा, आणि बुटांच्या पात्यांना धार लावायची. त्या पात्याला चाकूसारखी एक धार नसते. मधोमध पन्हळीसारखी खाच असते आणि दोन्ही कडांना धार. दोन्ही कडा सारख्या नसल्या की माणूस वळताना तोंडावर पडतो. हे काम मी तिथंच शिकलो आणि चांगलं शिकलो, एवढं स्वतःविषयी बरं बोलतो.

ती स्वीडिश मुलगी, आनिका, रोज सकाळी सहाला यायची, रिंक लोकांसाठी उघडण्याआधी. तिचे वडील हिद्द गावच्या बाजूला जहाजं दुरुस्त करायच्या गोदीत इंजिनीयर होते. आई लहानपणी स्वतः स्केटिंग करायची, तीच शिकवायची. मी तिला मॅडम म्हणायचो. नवऱ्याच्या कॉन्ट्रॅक्टपायी मुलीची वर्षं वाया जाऊ द्यायची नाहीत, असा मॅडमचा पण होता. आनिका नऊ वर्षांची असताना तिच्या गावच्या स्पर्धेत तिसरी आली होती. बहारीनला आल्यावर गेल्या नाताळात तिकडं जाऊन एका स्पर्धेत उतरली, तर पाचवी आली.

"पाचवी म्हणजे चांगलंच की," मी म्हटलं.

"पाचवी म्हणजे कुणीच नाही," ती म्हणाली. बारा वर्षांची पोर, पण बोलणं असं.

आता या हिवाळ्यात सगळ्या देशातल्या मुलींची स्पर्धा होती, आणि त्यासाठी तिला एक उडी हवी होती. हवेत दोन गिरक्या घेऊन एका पायावर उतरायचं. ती त्याला नुसतं "डबल" म्हणायची. उडीसाठी बर्फ जरा मऊ लागतो, फार कडक असला की पातं रुतत नाही. म्हणून तिच्या तासाला मी बर्फाचं तापमान मुद्दाम थोडं वर आणून ठेवायचो. कुणी सांगितलं नव्हतं. ती आत पाऊल टाकताच ओळखायची आणि माझ्याकडं बघून अंगठा दाखवायची. त्या अंगठ्यासाठी मी पाचलाच कामावर हजर असायचो.

तास संपला की पाती घेऊन ती धारेच्या खोलीत यायची. खोली केवढी, आमच्या देवघराएवढी. खिडकी नाही. पलीकडं कॉम्प्रेसर, त्यामुळं भिंत कोमट. ती भिंतीला पाठ लावून बसायची, मी धार लावायचो, आणि अर्धा तास तिची बडबड चालायची. इंग्रजी तिचंही बेताचं आणि माझं तर विचारूच नका, पण आमचं जमायचं. माझी मुलगी गावाला, तिच्याच वयाची. दोन वर्षांत मी तिचा आवाज ऐकला नव्हता.

"दार लाव ना, वसंत, थंडी येते," आनिका म्हणायची. मी दार लावायचो.

आजाराचा दिवस

थंडी सरत आली होती तेव्हा मला संध्याकाळचा ताप यायला लागला. झिंज भागातल्या आमच्या खोलीत आम्ही सहाजण. एसी फुल्ल, बाकीचे चादरी ओढून झोपलेले, आणि माझी उशी घामानं ओली. खोकला जाईना. पट्ट्याला मी खिळ्यानं दोन भोकं जास्तीची पाडली. खरं सांगायचं तर मला तेव्हाच कळलं होतं. आमचे थोरले काका क्षयानं गेले. शेवटची दोन वर्षं ते पडवीत होते, ताट वेगळं, तांब्या वेगळा. त्यांचा खोकला ऐकतच मी लहानाचा मोठा झालो.

तरी मनामा शहरात एका मल्याळी डॉक्टरकडं गेलो. त्यानं छातीचा फोटो काढायला लावला आणि खिडकीपाशी उजेडात धरला. डाव्या फुप्फुसाच्या वरच्या टोकाला बोटानं गोल केला.

"टी.बी. वाटतोय. आजच्या आज सरकारी दवाखान्यात जा. मी चिठ्ठी देतो," तो म्हणाला. मग माझं तोंड बघून हळू आवाजात म्हणाला, "घाबरू नको. बरा होतो हा."

मी "यस डॉक्टर, थँक्यू डॉक्टर" करत बाहेर आलो. चिठ्ठी खिशात घातली. मला पुढचं दिसत होतं. शेजारच्या खोलीतला एक सुतार असाच व्हिसाच्या मेडिकलमध्ये सापडला होता. दोन दिवसांत बॅग भरून परत. गावाला माझं घर अर्धवट उभं होतं, भिंती झालेल्या, वर छप्पर नाही. बायको-मुलगी सासुरवाडीला राहत होत्या. वाटलं, घर पुरं होईपर्यंत काढू कसंतरी. तसा मी चालतोय, फिरतोय. गेलं उडत.

चिठ्ठी ट्रंकेच्या तळाशी ठेवली आणि दुकानातून खोकल्याची बाटली आणली.

मेडिकल

पंधरा दिवसांनी व्हिसा रिन्यूचं मेडिकल आलं. त्यात छातीचा एक्स-रे असतो.

आता आमच्या खोल्यांमधली एक पद्धत सांगतो. ऐकून हसू येईल. कुणाच्या लघवीत साखर असली की मेडिकलला बाटली दुसऱ्याची जायची. कुणाला कमी दिसत असलं की डोळे तपासायला दुसरा जायचा. सगळे काळेसावळे, सगळे मिशीवाले, खिडकीवरच्या माणसापुढं शेकड्यानं कार्डं. कोण बघतो? कुणाला ही फसवणूक वाटत नव्हती. परमुलखात एकमेकांच्या उपयोगी पडणं, असंच आम्ही समजायचो. जो दुसऱ्यासाठी उभा राहिला त्याला त्या दिवशी खोलीत मटणाचा मोठा तुकडा.

माझ्यासाठी सदानंद उभा राहिला. सदानंद माझ्याच खोलीतला, मालवणकडचा, गोड्या पाण्याचा टँकर चालवायचा. माझ्याच उंचीचा, छाती रेड्यासारखी. त्याला मी सांगितलं की लहानपणी न्यूमोनिया झालेला, त्याचा जुना डाग फोटोत येतो, उगाच घोळ होईल. म्हणजे त्यालाही मी खोटंच सांगितलं.

"अरे मेल्या, इतक्यासाठी तोंड पाडून कित्याक बसलंस?" सदानंद म्हणाला. "कार्ड दी हय. मी उभो रवतंय."

तो गेला, छाती फुगवून फोटो काढून आला, आणि माझ्या नावावर सदानंदची छाती पास झाली. रात्रीच्या जेवणाला सगळ्यांनी माझी थट्टा केली. मीही हसलो.

पुढचं लिहिताना हात अडतोय. त्या आठवड्यापासून मी खोलीत माझं ताट वेगळं केलं. माझा पेला वेगळ्या खिळ्याला टांगला. एसीनं सर्दी होते अशी सबब सांगून गच्चीवर झोपायला लागलो. म्हणजे धोका मला नीट माहीत होता. सदानंदला, बाकीच्या चौघांना जपायचं मला सुचलं. आणि रोज सकाळी त्या बिनखिडकीच्या खोलीत दार लावून मी आनिकापुढं अर्धा अर्धा तास खोकत बसायचो. ती दार लाव म्हणायची हे खरं. पण मी नको म्हणू शकत होतो. तिची बडबड मला हवी होती, म्हणून मी नाही म्हटलं नाही. याहून मोठं कारण माझ्यापाशी नाही.

आळशी

उन्हाळा लागला आणि आनिका पडायला लागली. आधी डबल दहातून सहादा जमायची, मग तीनदा, मग एकदाही नाही. उडी मारायची ती हवेतच ढिली पडल्यासारखी व्हायची. तास संपायच्या आधीच कठड्याला धरून उभी राहायची. मॅडमचा आवाज चढायला लागला. भाषा मला कळत नव्हती, पण सूर कळत होता. दिवसभर ज्याचं मशीन बिघडलेलं असतं तो माणूस मशीनवर असाच ओरडतो.

"आई म्हणते मी आळशी झालेय," आनिका धारेच्या खोलीत म्हणाली. "म्हणते, इथं तुझ्यासमोर कुणी दुसरी मुलगी नाही म्हणून तू आळशी झालीस. तिकडच्या मुली रोज पुढं चालल्यात."

"आणि तू काय म्हणतेस?"

"असेन मी आळशी. मला सकाळी उठवतच नाही."

एके दिवशी मी पाती घासत होतो आणि तिचं बोलणं थांबलं. वळून बघतो तर भिंतीला टेकून झोपलेली. कपाळाला हात लावला. ताप फार नव्हता, पण नेमका माझ्यासारखा होता. कोमट, चिकट, केस कपाळाला चिकटलेले. मला कळलं. त्या क्षणी सगळ्या बहारीनमध्ये ते कळलेला मी एकटाच होतो.

मी बाहेर जाऊन मॅडमला म्हटलं, "मॅडम, बेबी नॉट वेल. डॉक्टर दाखवा."

त्या दमून म्हणाल्या, "वाढतं वय आहे, वसंत. दमते ती. शिवाय तिला सराव टाळायचाय."

एवढं वाक्य होतं माझं: मला टी.बी. आहे, तिची छाती तपासा. इंग्रजीतही मला ते जुळवता आलं असतं. मी "ओके मॅडम" म्हटलं आणि परत पाती घासायला बसलो. सांगायचं ते सांगून झालं, आता पुढं त्यांचं त्या बघतील, अशी स्वतःची समजूत घातली. दुसऱ्या दिवसापासून दार तेवढं उघडं ठेवायला लागलो. त्याला आता काय अर्थ होता!

त्यानंतर तीन आठवडे मी तिला रोज पडताना बघितलं. रोज सकाळी तिच्यासाठी बर्फ मऊ करत होतो, आणि तोंडाला कुलूप.

सदानंद नाही म्हणाला

एका सकाळी ती बर्फावरच बसली आणि उठेना. कुशीला हात धरून म्हणाली, श्वास घेता येत नाही. मॅडमनी तिला उचलून गाडीत घातलं. तिसऱ्या दिवशी बातमी आली की छातीत पाणी झालंय, टी.बी. आहे. रिंकवर आरोग्य खात्याचे लोक आले. मुलीच्या आसपास वावरणाऱ्या सगळ्यांची नावं लिहून घेतली, माझं पहिलं. उद्या सकाळी छातीचा फोटो काढायला हजर व्हायचं.

मला असं लिहायला आवडलं असतं की मी माझ्या पायांनी गेलो. तसं झालं नाही. मी खोलीवर आलो आणि कार्ड सदानंदपुढं धरलं.

"परत एकदा," मी म्हटलं.

त्यानं रिंकवरच्या मुलीचं ऐकलं होतं. कार्ड हातात न घेता तो माझ्याकडं बघत राहिला. माझ्या गळ्याची हाडं, माझा वेगळा पेला, सगळं त्यानं त्या एका नजरेत पहिल्यांदा नीट बघितलं असावं.

"न्यूमोनियाचो डाग?" त्यानं विचारलं.

मी हातातलं कार्ड खाली घेतलं.

"वसंता, खरा सांग. माका काय सांगितलंस तू?"

मी सांगितलं. सगळं. मल्याळी डॉक्टर, ट्रंकेतली चिठ्ठी, सगळं.

सदानंद शिव्या देणारा माणूस, पण त्या दिवशी शिवी नाही दिली. "मी येवचंय नाय," एवढंच म्हणाला. मग म्हणाला, "चेडू रे तां. बारा वर्षांचा चेडू." आणि तोंड फिरवून चपला घालून बाहेर गेला.

सकाळी मला दवाखान्यात सोडायला मात्र तोच आला. टँकरमधून.

बरगडी

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी माझा नवा फोटो दिव्याच्या काचेवर लावला. शेजारी व्हिसाच्या मेडिकलचा जुना. बराच वेळ बघत राहिले. मग जुन्या फोटोतल्या एका बरगडीवर पेन ठेवलं.

"ही बरगडी कधीतरी मोडून जुळलीय," ते हिंदीत म्हणाले. "नव्या फोटोत ती कधी मोडलेलीच नाही. बरगडीची खूण अशी पुसली जात नाही. हा माणूस कोण?"

सदानंदचा टँकर एकदा उलटला होता. मला ते आठवलंच नव्हतं. मी जमिनीकडं बघत राहिलो.

डॉक्टर म्हणाले, "मी पोलीस नाही. जो कुणी असेल त्याला सांग, त्याची छाती चांगली आहे. तुझी नाही." आणि मला वॉर्डात भरती केलं. त्या माणसानं पुढं काय लिहिलं, काय नाही, मला माहीत नाही. सदानंदला कुणी विचारायला आलं नाही, एवढं खरं. अशीही माणसं भेटतात. माझ्यासारख्याला भेटू नयेत असं वाटतं, पण भेटतात.

वॉर्ड

वॉर्डात सहाला उठवायचे. आधी थुंकीचा डबा, मग मूठभर गोळ्या, मग कमरेत सुई. पहिल्या दिवशी लघवी लालभडक झाली आणि मी बोंब ठोकली. केरळची लीलाम्मा सिस्टर पोट धरून हसली. "रक्त नाही, गोळीचा रंग आहे. इथं सगळ्यांची तशीच." मग गोळ्या, जेवण, झोप, ताप, परत गोळ्या. तुमच्यापैकी कुणाला हे नशिबी आलं तर घाबरू नका. पहिला महिना जीव नकोसा होतो, मग भूक लागायला लागते. ज्या दिवशी मला वॉर्डातलं पिवळं वरण चविष्ट लागलं, त्या दिवशी मला कळलं की मी जगणार.

सिस्टरनं आणखी एक सांगितलं, अगदी सहज, चादर बदलता बदलता. औषध सुरू झालं की दोन-तीन आठवड्यांत दुसऱ्याला लागण व्हायचा धोका जवळजवळ संपतो. दोन-तीन आठवडे! मल्याळी डॉक्टरची चिठ्ठी घेऊन मी त्याच दिवशी आलो असतो, तर उन्हाळ्यापर्यंत दार लावून बसलो असतो तरी त्या पोरीला काही झालं नसतं. त्या दिवशी मी डोक्यावरून चादर घेतली आणि रडलो.

शेजारच्या खाटेवर हिद्दचे एक म्हातारे होते. सगळे त्यांना हज्जी म्हणायचे. तरुणपणी मोत्यांच्या धंद्यात मुंबईला चार-पाच वर्षं काढलेली, त्यामुळं हिंदी बोलायचे. मला खजूर द्यायचे, थर्मासमधला कहवा द्यायचे. "खाओ, खाओ, बीमारी को भूखा मत मारो, तुम मर जाएगा," म्हणायचे आणि स्वतःच्याच बोलण्यावर खोकत हसायचे.

सॉरी

दुसऱ्या महिन्यात मला फोटोसाठी एक्स-रेच्या बाकड्यावर बसवलं होतं. समोरून मॅडम आणि आनिका आल्या. ती घरून औषध घेत होती, तपासायला यायची. चेहरा एवढासा झालेला. मला बघून ती थबकली, मग धावत आली. मॅडम लांब काउंटरवर कागद दाखवत होत्या.

ती माझ्यासमोर उभी राहिली आणि रडायला लागली. "सॉरी, वसंत," म्हणाली. "मी तुला आजारी केलं. मी रोज तुझ्या खोलीत येऊन बसायचे. सॉरी."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. तिचा आजार आधी उघडकीला आला, माझा नंतर. बारा वर्षांच्या पोरीनं त्याचा हिशोब तिच्या परीनं लावला होता, आणि कितीतरी दिवस ते ओझं मनात घेऊन ती फिरत होती.

मी काय केलं सांगू? मी म्हटलं, "इट्स ओके."

इट्स ओके! तिनं माझी माफी मागितली आणि मी तिला माफ केलं. तिनं डोळे पुसले, जरा हसली, आणि आईकडं गेली. जन्मात मी बरेच वाईट प्रकार केले असतील, पण याच्याइतका हलकट नाही.

वॉर्डात येऊन मी दोन दिवस नीट जेवलो नाही. हज्जींनी विचारलं, क्या हुआ. मी सांगितलं, न सांगून करणार काय. त्यांनी हातातला खजूर परत डब्यात ठेवला.

"लडकी माफी माँगता," ते म्हणाले, "और तुम माफ करता? तुम?" मग मोठ्यानं, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं, "शरम नहीं? वो फिर कब आएगा?"

"पुढच्या मंगळवारी," मी म्हटलं.

मंगळवारी मी चादरीत तोंड घालून पडलो होतो. हज्जी काठी घेऊन माझ्या खाटेशी उभे. "यल्ला. उठो." स्वतःला चालवत नव्हतं, तरी एक्स-रेच्या दारापर्यंत माझ्याबरोबर आले आणि तिथल्या खुर्चीत बसून राहिले, मी पळून जाऊ नये म्हणून.

मंगळवार

या वेळी मॅडम तिच्या शेजारीच बसल्या होत्या. मी पुढं जाऊन उभा राहिलो. वाक्य मी रात्रभर पाठ केलं होतं, तरी आयत्या वेळी तुकडे झाले.

"आनिका, तू नाही दिलंस मला. मी तुला दिलं. मला आधीच झालं होतं. मला माहीत होतं. सगळं माहीत होतं."

मॅडमनी मान वर केली. आनिका माझ्याकडं बघत होती. रागानं नाही. मनात काहीतरी जुळवत असल्यासारखी.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"तू पडायला लागलीस त्याच्या कितीतरी आधीपासून. तू माझ्या खोलीत झोपलीस ना, त्या दिवशी तुलाही झालंय ते मला कळलं. मी बोललो नाही."

ती हळूच आईकडं वळली. त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाली. मग मलाही कळावं म्हणून असेल, इंग्रजीत म्हणाली, "म्हणजे मी आळशी नव्हते."

मला वाटलं होतं मॅडम ओरडतील, मारतील. त्यांनी तोंडावर दोन्ही हात ठेवले आणि तशाच बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "रोज सकाळी मी हिला..." मुलगी आईच्या पाठीवर हात फिरवत होती. मग मी हात जोडले आणि आनिकाला म्हटलं, मला माफ कर.

तिनं विचार केला. खरंच विचार केला. मोठी माणसं करतात तसं पटकन "ठीक आहे" म्हटलं नाही.

"आत्ता मला माहीत नाही," ती म्हणाली. "या हिवाळ्याची स्पर्धा गेली. पुढच्या वर्षी मी मोठ्या गटात जाईन. आई म्हणते, उंची वाढली की उड्या परत पहिल्यापासून शिकाव्या लागतात." मग जरा थांबून म्हणाली, "माझी डबल परत जमली की सांगीन तुला."

मी "हो" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

महिन्याभरात थुंकी साफ आली आणि माझा व्हिसा कॅन्सल झाला. औषधांची पिशवी हातात देऊन मला विमानात बसवलं. सोडायला सदानंद आला होता. त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली, पण माझ्या तोंडाकडं बघितलं नाही. उरलेलं औषध मी रत्नागिरीला पुरं केलं, एक दिवस न चुकवता. घरी बायकोला, मुलीला सगळं सांगितलं. मुलगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी म्हटलं, बरोबर आहे.

खोल्यांमधून राहणाऱ्या भावांनो, माझं सांगणं थोडकं आहे. खोकला तीन आठवडे गेला नाही तर आपली छाती आपण तपासून घ्या. दुसऱ्याला उभं करू नका, आणि कुणी मैत्रीखातर उभा राहतो म्हणाला तर त्याला हात जोडा. व्हिसा जाईल. माझाही गेला. छप्पर अजून पुरं झालेलं नाही, आणि आम्ही त्याच भिंतींवर माडाची झापं घालून राहतोय, व्यवस्थित राहतोय.

सदानंदचं एकच पत्र आलं. हज्जी बरे होऊन घरी गेले, असं त्यात होतं. रिंकवर माझ्या जागी कुणी पंजाबी आलाय. आणि स्वीडनवाले आपला मुक्काम हलवून गेले, कुठं ते कुणाला माहीत नाही. त्यांचा पत्ता मी कधी विचारला नव्हता, आणि माझा त्यांच्याकडं असायचं कारण नव्हतं.

आनिका परत डबल मारायला लागली की नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही.